कोलाहलांतील कुजबुज

जत्रेच्या गर्दींत हात सुटलेलें मूल आईची हांक बरोबर ओळखतें. भोंवतालीं ढोल वाजत असतात, पाळणे करकरत असतात, खेळणींवाले ओरडत असतात. आवाजाच्या मापानें पाहूं गेल्यास त्या माउलीचा स्वर त्यांच्यापुढें कांहींच नाहीं. तरी मूल थबकतें व मान वळवितें. याचीं कारणें दोन. तो स्वर त्याच्या पूर्वपरिचयाचा असतो. आणि आई एकदां हांक मारून थांबत नाहीं, ती पुनःपुन्हां तेंच नांव घेत राहते. ओळख आणि पुनरावृत्ति या दोन गोष्टींच्या बळावर, ज्याची शक्ति सभोंवारच्या गोंगाटाहूनही कमी आहे असा बिनतारी संदेश शोधून काढतां येतो. तो कसा, आणि त्यासाठीं काय किंमत मोजावी लागते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बांसरीचा एक सूर घ्या. तो लांब चालतो आणि त्याची कंपनसंख्या एका ठिकाणीं स्थिर असते. आतां एक टाळी वाजवा. ती क्षणांत संपते, पण तिच्यांत बारीक व जाड अशा सर्व सुरांचें मिश्रण असतें. म्हणून टाळीचा सूर कोणता, असें कोणी विचारीत नाहीं. सृष्टीचा नियमच असा आहे कीं, ध्वनि असो वा विद्युत्-लहर असो, जितका तिचा काळ आंखूड तितका तिच्या कंपनांचा पट्टा रुंद. आकाशवाणीचें मध्यम लहरीवरील केंद्र बांसरीसारखें आहे. आपल्या देशांत अशा दोन शेजारच्या केंद्रांमध्यें ९ किलोहर्ट्झ अंतर ठेवण्याची पद्धति आहे. येथें ज्या लहरींचा विचार करावयाचा आहे त्या टाळीसारख्या आहेत. त्यांतील एकेक स्पंद सुमारें दोन नॅनोसेकंद टिकतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. आणि त्याचा पट्टा ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक रुंद असतो, म्हणजे मध्यम लहरीचीं पंचावन्न हजार केंद्रें शेजारीं शेजारीं बसतील एवढा. यास इंग्रजींत अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात. आपण अतिविस्तृत पट्टा म्हणूं.

ही कल्पना नवी वाटली, तरी बिनतारी विद्येचा जन्मच टाळीपासून झाला आहे. १८८७ सालीं जर्मनींतील कार्ल्सरूअ येथें हाइन्रिख हर्ट्झ यांनीं विजेची ठिणगी पाडली आणि कांहीं अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटींत दुसरी इवलीशी ठिणगी उमटलेली अंधारांत पाहिली. ठिणगी म्हणजे विजेची टाळीच. पुढें १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच, पण फार आंखूड लांबीच्या लहरींनीं भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटविली. बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफाँ या जेसुइट पाद्र्यांपाशीं पदार्थविज्ञान शिकले होते. शास्त्र हें लोकांसमोर प्रयोग करून दाखवावें हा त्या गुरूचा बाणा शिष्यानें पुढें चालविला, हें मिशन शाळेच्या वार्षिकांत नमूद केल्यास अप्रस्तुत होणार नाहीं.

ठिणगीच्या लहरींत एक मोठें वैगुण्य होतें. त्या सर्व पट्ट्यांत पसरत. दोन जहाजें एकाच वेळीं बोलूं लागलीं कीं, तिसऱ्यास दोघांचेंही ऐकूं येईना. म्हणून एकाच सुरावर स्थिर राहणारीं यंत्रें पुढें आलीं, आणि १९२० नंतरच्या दशकांत ठिणगीचीं यंत्रें हळूहळू मोडींत निघालीं. ज्या दोषामुळें टाळीस सभेंतून उठविलें, तोच दोष अनेक दशकांनंतर गुण कसा ठरला, हीच यांतील मौज आहे. फेब्रुवारी २००२ मध्यें अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें ३.१ पासून १०.६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांत या लहरींस मोकळीक दिली. परंतु अट अशी घातली कीं, प्रत्येक मेगाहर्ट्झमागें बाहेर जाणारी शक्ति सुमारें ७४ नॅनोवॅटहून अधिक असूं नये. ही मर्यादा कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे. घरगुती संगणकादि यंत्रांतून नकळत ज्या लहरी गळतात त्यांस जी मर्यादा घालून दिली होती, तीच ही. म्हणजे या नव्या पाहुण्यास सांगण्यांत आलें कीं, दुसऱ्यांच्या घरांत खुशाल राहा, पण घरांतील भांड्यांच्या खडखडाटाहून तुझा आवाज वर जातां कामा नये.

आतां थोडा हिशेब करूं. पट्टा ५०० मेगाहर्ट्झ धरल्यास एकंदर शक्ति ३७ मायक्रोवॅट भरते. खिशांतील मोबाइल फोन बोलतांना ०.२ वॅटपर्यंत शक्ति खर्चूं शकतो. ती हिच्या पांच हजार पटींहून अधिक आहे. ही ३७ मायक्रोवॅटची लहर साडेसहा गिगाहर्ट्झच्या आसपास मोकळ्या जागेंत दहा मीटर गेली म्हणजे साध्या अँटेनाच्या हातीं सुमारें ५ पिकोवॅट लागतात. पिकोवॅट म्हणजे वॅटाचा लक्ष-कोटीवा भाग. आणि तेथें गोंगाट किती असतो? कोणत्याही तारेंतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळें सतत थरथरत असतात, आणि त्या थरथरण्याचाच एक विद्युत्-गोंगाट होतो. १९२८ सालीं जॉन्सन व नायक्विस्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं तो मोजून व गणितानें सिद्ध करून दाखविला. नेहमींच्या तापमानास ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तो २ पिकोवॅट भरतो. त्यांत ग्राहक यंत्राचा स्वतःचा गोंगाट मिळविला म्हणजे सुमारें ८ पिकोवॅट. अर्थात् दहा मीटरांवरच संदेश गोंगाटाखालीं बुडाला. तीस मीटरांवर तो गोंगाटाच्या एक-पंधरांशाइतका उरतो, आणि मध्यें विटांची भिंत आल्यास त्याहूनही कमी. बाहेरचा कोणीही गोंगाट करीत नसतां ही स्थिति आहे, हें लक्षांत ठेवावें.

मग एवढी दुबळी लहर वापरावीच कां? याचें उत्तर सेन्सरांच्या बिनतारी जाळ्यांत सांपडतें. सेन्सर म्हणजे उष्णता, ओल, कंप, कल, दाब अशांपैकीं एखादी गोष्ट जाणणारें लहानसें यंत्र. अशीं अनेक यंत्रें ठिकठिकाणीं पेरून, प्रत्येकास एक छोटी बॅटरी व एक छोटा बिनतारी कंठ दिला म्हणजे त्यांचें जाळें होतें. एकाची बातमी शेजारचा घेतो, तो पुढच्यास देतो. केरळांतील मुन्नार येथें अमृता विश्वविद्यापीठानें दरडीचा डोंगरउतार असाच यंत्रांनीं विणला. भोंकें पाडून जमिनींत बसविलेल्या त्या यंत्रांत पाण्याचा दाब, मातींतील ओल व जमिनीचा कल मोजणारीं यंत्रें आहेत. त्या जाळ्यांत अतिविस्तृत पट्टा वापरलेला नाहीं, परंतु एक हांक ऐकूं न आल्यास काय ओढवूं शकतें, हें त्या उदाहरणावरून कळतें. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गाडलें गेलें व दीडशेंच्या सुमारास माणसें मृत्यु पावलीं. महाराष्ट्रांतील वाचकांस याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाहीं.

अतिविस्तृत पट्टा उपयोगी पडतो तो मुख्यतः जेथें कोण कोठें आहे हें वीतभराच्या चुकीनें कळावें लागतें तेथें. विजेची लहर एका नॅनोसेकंदांत ३० सेंटिमीटर जाते. स्पंद जितका आंखूड, तितका त्याच्या आगमनाचा क्षण नेमका सांगतां येतो, आणि क्षण कळला कीं अंतर कळलें. कारखान्यांत मालाच्या फोर्कलिफ्ट गाडीजवळ कामगार आला कीं चालकास इशारा देणें, गोदामांतील वस्तु हुडकणें, मोटारीची किल्ली खरोखर मोटारीजवळ आहे किंवा नाहीं हें ठरविणें, असलीं कामें या लहरींकडून घेतात. २०१९ पासून कांहीं मोबाइल फोनांतही अशी चिप बसूं लागली. यासाठींचें पहिलें सर्वमान्य नियमपत्रक २००७ सालीं झालें. त्याचें नांव ८०२.१५.४ए. पुढील विवेचन मुख्यतः त्यांतील संदेशास धरून आहे.

गोंगाटाखालचा संदेश वर कसा काढावयाचा, यासाठीं एक प्रयोग सांगतों. तो वर्गांत करतां येतो. एका मुलानें नाणें उडवावें. छापा पडल्यास वहींत १० मिळवावे, कांटा पडल्यास १० वजा करावे. हा झाला गोंगाट. शिक्षकांनीं त्यास गुपचूप सांगावें कीं, प्रत्येक फेंकीस आणखी १ मिळवीत जा. हा झाला संदेश. गोंगाटाच्या एक-दशांश उंचीचा, म्हणजे शक्तीच्या दृष्टीनें एक-शतांश. दुसऱ्या मुलास केवळ शेवटची बेरीज दाखवावी व विचारावें कीं, गुपित आहे कीं नाहीं. एका फेंकीवरून कांहीं कळणार नाहीं. शंभर फेंकी झाल्यावर गुपिताचे १०० जमतील. नाण्याचे छापे व कांटे एकमेकांस खोडीत जातील, पण अगदीं बरोबर खोडणार नाहींत. शंभर फेंकींत साधारणतः दहा फेंकींइतका, म्हणजे १०० चा, इकडे किंवा तिकडे फरक राहतोच. सामना बरोबरींत सुटला. आतां दहा हजार फेंकी करा. गुपिताचे १०,००० होतात. परंतु नाण्याचा फरक शंभर फेंकींइतका, म्हणजे केवळ १,००० असतो. गुपित गोंगाटाच्या दसपट उंच उभें राहिलें. कारण उघड आहे. संदेश दर वेळीं एकाच दिशेनें चालतो, आणि गोंगाट दारुड्यासारखा मागें-पुढें झोकांड्या खात जातो. संदेशाची चाल फेंकींच्या संख्येइतकी, गोंगाटाची तिच्या वर्गमुळाइतकी.

हें झालें पुनरावृत्तीचें. पण नेमकी कोणत्या क्षणीं बेरीज करावयाची? ग्राहक यंत्रास हांक केव्हां सुरू झाली हें ठाऊक नसतें. त्यासाठीं हांकेला एक विशिष्ट घाट देतात. पुढील सात आंकडे एका वर्तुळावर लिहा: −१, १, १, ०, १, ०, ०. येथें १ म्हणजे सरळ स्पंद, −१ म्हणजे उलटा स्पंद, आणि ० म्हणजे स्तब्धता. याच आंकड्यांचें दुसरें वर्तुळ कागदावर कापून पहिल्यावर ठेवा. समोरासमोरच्या आंकड्यांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज करा. दोन्हीं वर्तुळें बरोबर जुळलीं असतां बेरीज ४ येते. वरचें वर्तुळ एक घर फिरवा: ०. दोन घरें फिरवा: ०. कितीही फिरवा, पुन्हां जुळेपर्यंत शून्यच. मुलांनीं हें स्वतः करून पाहावें. सांगून पटण्यापेक्षां करून पटलेलें बरें. ज्या हांकेचा असा घाट आहे ती चुकीच्या क्षणीं ऐकली तर ऐकूंच येत नाहीं, बरोबर क्षणीं ऐकली तर एकदम उठून दिसते. नियमपत्रकांत सातांऐवजीं ३१ किंवा १२७ घरांची अशी वर्तुळें आहेत, व प्रत्येक वर्तुळ सुमारें एका मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत, पुरें होतें. संदेशाच्या आरंभीं तेंच वर्तुळ १६, ६४, १०२४ किंवा ४०९६ वेळां फिरवितात. जेवढें अंतर दूर, तेवढ्या हांका अधिक.

हीच युक्ति फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असल्यास जुन्नर तालुक्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें जावें. तेथें व भोंवतालच्या प्रदेशांत ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी पसरल्या आहेत, आणि त्या ज्या गोष्टींचा वेध घेतात त्यांत पल्सार नांवाचे तारे आहेत. पल्सार फिरतो तसतसा ठराविक कालानें बिनतारी स्पंद पाठवितो. त्याचाही पट्टा रुंद असतो. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसलिन बेल यांना आढळलेल्या पहिल्या पल्सारचे स्पंद १.३३७ सेकंदांनीं येत. बहुतेक पल्सारांचा एकेक स्पंद गोंगाटांत पार बुडालेला असतो. ज्योतिषी त्या काळाच्या मापानें नोंदीच्या घड्या घालतात, घडीवर घडी ठेवून बेरीज करतात, आणि स्पंद वर येतो. गंमत अशी कीं, ताऱ्याचें घड्याळ आमच्या सेन्सरच्या घड्याळाहून फार चांगलें चालतें.

आणि खरी अडचण तेथेंच आहे. स्वस्त सेन्सरांतील स्फटिकाचें घड्याळ दहा लाखांत वीस भाग पुढें किंवा मागें असूं शकतें. दोन यंत्रांची चूक विरुद्ध दिशांस झाली तर चाळीस भाग. एक हजार हांका होण्यास एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, लागतो. तेवढ्या अवधींत दोन्ही घड्याळें ४० नॅनोसेकंदांनीं फांकतात, म्हणजे वीस स्पंदांच्या रुंदीइतकीं. मग पहिल्या हांकेवर हजारावी हांक बसणार कशी? घड्या वांकड्या पडतात व बेरीज विरून जाते. म्हणून ऐकणाऱ्यास हांकेच्या क्षणाबरोबर घड्याळांतील फरकही हुडकावा लागतो, आणि हुडकणें म्हणजे जागें राहणें.

जागें राहण्याची किंमत पालकांस लगेच समजेल, कारण ती बिलाची गोष्ट आहे. या पद्धतींत बोलण्यापेक्षां ऐकण्यास अधिक वीज लागते, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. पण बोलणारा एक स्पंद फेंकून गप्प बसतो. ऐकणाऱ्यास प्रत्येक नॅनोसेकंद तपासावा लागतो. ग्राहक यंत्रास १०० मिलिअँपिअर वीज लागते असें धरूं. रुपयाएवढ्या चपट्या बॅटरींत सुमारें २२५ मिलिअँपिअर-तास भरलेले असतात. हिशेबानें ती सव्वादोन तासांत संपली, आणि इतकी वीज एका दमांत देणें तिला मुळांत झेपतही नाहीं. तेंच यंत्र सेकंदांतून एकच मिलिसेकंद जागें ठेवलें तर सुमारें तीन महिने चालेल. परंतु मग हांक नेमकी त्या मिलिसेकंदांत यावी लागते, आणि तासाभरांत दोन घड्याळें १४४ मिलिसेकंदांपर्यंत फांकूं शकतात. चोहोंकडून असा पेंच आहे. पुष्कळ लोक बिनतारी यंत्रांची चर्चा किती दूर पोंचतें यावर करतात. माझ्या मतें सेन्सरांच्या जाळ्यांत पहिला प्रश्न किती वेळ झोंपूं शकतें हा आहे.

यावर एक सोपा तोडगा निघतो. घाट वगैरे कांहीं ओळखूं नये. केवळ शक्ति मोजावी. येणाऱ्या लहरीचा वर्ग करावा, कांहीं काळ बेरीज करावी, आणि नेहमींपेक्षां बेरीज अधिक भरली तर कोणी बोलत आहे असें समजावें. अंधाऱ्या खोलींत भाषा न समजतां, आवाज वाढला एवढ्यावरून कोणी आलें हें ताडावें, तसें. या पद्धतीचें गणित हॅरी उर्कोविट्झ यांनीं १९६७ सालीं मांडलें. यंत्र स्वस्त होतें, वीज थोडी लागते. शिवाय एक मोठा लाभ आहे. खोलींत सोडलेला स्पंद भिंत, छत, कपाट यांवर आपटून डझनावारी प्रतिध्वनींच्या रूपानें येतो, आणि त्याची शक्ति त्यांत वांटली जाते. घाट ओळखणाऱ्या यंत्रास प्रत्येक प्रतिध्वनि वेगळा हुडकून जुळवावा लागतो. १९५८ सालीं प्राइस व ग्रीन यांनीं यासाठीं योजलेल्या यंत्रास रेक, म्हणजे आमच्या शेतकऱ्याचें दंताळें, असेंच नांव पडलें आहे. शक्ति मोजणारा मात्र सर्व प्रतिध्वनि एका घमेल्यांत भरून घेतो.

परंतु स्वस्त वस्तूची खोट पुढें दिसते. नाण्याच्या खेळाकडे परत येऊं. गोंगाटाची सरासरी उंची १० म्हणजे वर्ग १००. त्यांत १ चा संदेश मिसळला तर वर्गांची सरासरी १०१ होते. वर्ग केल्यानें उणें-अधिक चिन्ह नाहींसें झालें, म्हणून गोंगाट आतां स्वतःस खोडीत नाहीं. शंभराच्या डोंगरावरील एकाचा खडा ओळखावयाचा आहे. त्यासाठीं पहिल्या पद्धतीच्या मानानें शेंकडों पट मापें घ्यावीं लागतात. तीं घेतलीं असें समजूं. तरीही प्रश्न उरतो: गोंगाट खरोखर १० च होता हें कशावरून? तो १०.०५ असेल तर त्याचाच वर्ग १०१ होतो, आणि संदेश नसतांना संदेश आहे असें वाटतें. उष्णतेचा गोंगाट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणांत असतो. यंत्राचें तापमान अवघें तीन अंश चढलें कीं तो शेंकडा एक वाढतो. सकाळीं नऊपासून दुपारीं बारापर्यंत ऊन किती चढतें हें सर्वांस ठाऊक आहे. अशा स्थितींत वर्षभर ऐकत बसलें तरी निर्णय होणार नाहीं. धीरालाही येथें भिंत आहे. आणि शेजारीं ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचें यंत्र सुरू झालें तर शक्ति मोजणारा हमखास फसतो, कारण तें याच पट्ट्यांत हजारों पट मोठ्यानें बोलतें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं दोन्ही पद्धती जोडतात. शक्ति मोजणारा स्वस्त पहारेकरी दारांत बसवितात, आणि त्यानें हलविल्यावर घाट ओळखणारा जाणता उठतो. मला ही योजना शहाणपणाची वाटते, जरी पहारेकऱ्यास झोंप लागली तर जाणत्याचा उपयोग काय, हा आक्षेप खरा आहे.

आतां निर्णयाचा प्रश्न. बेरीज किती उंच गेली म्हणजे हांक आली असें मानावें? या मर्यादेस शास्त्रज्ञ उंबरठा म्हणतात. गोंगाटाच्या नेहमींच्या चढउताराच्या तिप्पट उंचीवर उंबरठा ठेवला तर केवळ गोंगाट तो ओलांडील अशी शक्यता ७४० त एक. वाचणारा म्हणेल, पुरे झालें! पण एका मायक्रोसेकंदांत दोन-दोन नॅनोसेकंदांच्या ५०० जागा तपासावयाच्या आहेत. म्हणजे प्रत्येक दोन-तीन मायक्रोसेकंदांत एक-दोन खोट्या हांका ठरलेल्याच. उंबरठा पांचपट उंचीवर नेला तर ती शक्यता सुमारें ३५ लाखांत एक होते, आणि ५०० जागा धरूनही सात हजार वेळां ऐकल्यावर एखादी चूक होते. परंतु उंबरठा चढविला कीं खऱ्या, दुबळ्या हांका त्याखालून निसटतात. खोटी हांक खरी मानणें आणि खरी हांक न ऐकणें, या दोन चुका तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत. मापें न वाढवितां दोन्ही पारडीं एकदम वर जात नाहींत.

येथें जाळें उपयोगीं पडतें. आपल्याकडे पांचामुखीं परमेश्वर म्हणतात. पांच सेन्सरांनीं ऐकावें व तिघांनीं होय म्हटलें तरच मानावें, असा नियम करूं. प्रत्येकाची खोटी हांक मानण्याची शक्यता शंभरांत एक असेल तर तिघांनीं एकदम चुकण्याची शक्यता लाखांत एक होते. प्रत्येक जण दहांपैकीं एक खरी हांक चुकवीत असेल तर पंचायत शंभरांत एकाहूनही कमी चुकविते. एका झटक्यांत दोन्ही पारडीं सुधारलीं, कारण कान एकाचे पांच झाले. मात्र पंचांनीं आपापल्या कानांनीं ऐकलें पाहिजे. शेजारच्या वाय-फायनें पांचांनाही एकाच वेळीं फसविलें तर तीं पांच मुखें नव्हेत, एकच मुख पांचदां बोललें.

शेवटीं, हांक ऐकूं आली एवढ्यानें अंतर कळत नाहीं. सरळ वाटेनें आलेली लहर भिंतींतून गाळून दुबळी होते, आणि उघड्या दारांतून वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनि तिच्याहून मोठा असतो. मोठ्यावर भरंवसा ठेवला तर माणूस आहे त्यापेक्षां लांब दिसतो; फोर्कलिफ्टच्या चालकास ही चूक परवडणारी नाहीं. म्हणून यंत्र सर्वांत उंच बेरजेपाशीं न थांबतां तिच्या मागें, थोड्या आधींच्या क्षणांत, एखादी क्षीण हांक आहे काय हें उंबरठा उतरवून पाहतें. या सोयींतून चोर शिरला. मोटारीच्या किल्ल्यांसाठीं २०२० सालीं ८०२.१५.४झेड हें नवें नियमपत्रक आलें व हांकेचा घाट गुप्त ठेवण्याची तरतूद त्यांत झाली. तरी २०२२ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, घाट ठाऊक नसतांही नुसते वेडेवांकडे स्पंद योग्य वेळीं मिसळले तर उतरलेल्या उंबरठ्यावरून त्यांतील एखादा आंत येतो, आणि १२ मीटर दूर असलेलें यंत्र अगदीं जवळ आहे असें दिसूं शकतें. तेव्हां किल्लीच्या यंत्रांत उंबरठा चढता ठेवावा लागतो, आणि फोर्कलिफ्टसमोरचा कामगार शोधणाऱ्या यंत्रांत उतरता. दोन्ही ठिकाणीं चिप एकच बसवितां येते. हा एक आंकडा मात्र जागा पाहून माणसानें ठरवावयाचा असतो.